आपली एटीव्ही सहा दिवस दारात का उभी होती, याबद्दल

सप्रेम नमस्कार.

आपल्या जुन्या एटीव्हीच्या (खडबडीत रानात चालणाऱ्या छोट्या उघड्या चारचाकी गाडीच्या) दुरुस्तीबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी परवा रात्री गॅरेज बंद केल्यावर वाचला. इंजिन गरम होते म्हणून दिलेली गाडी आम्ही सहा दिवस अडकवून ठेवली, आपला माणूस अक्कलकोट रोडवरून जेव्हा जेव्हा गेला तेव्हा ती दारात नुसती उभी दिसली, तिला कोणी हातही लावला नाही, शेवटी बोटाएवढा एक स्विच बदलून ४,६५० रुपये घेतले आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा तापली, असे आपले म्हणणे आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या शेतावर पर्यटक आलेले असताना गाडी हाताशी नव्हती, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. गुरुवारी आपल्याला फोन करून कामाची स्थिती सांगायला हवी होती. तो फोन आमच्याकडून राहिला.

मात्र ‘हातही लावला नाही’ हे शब्द मला फार लागले. गेली एकोणीस वर्षे मी हे काम करतो आहे आणि आजवर कोणाची गाडी मी मुद्दाम थांबवून ठेवलेली नाही. आपली गाडी उभी दिसत होती, कारण ती थंड होत होती. इंजिन गरम होण्याचा दोष शोधायचा तर गाडी पूर्ण थंड अवस्थेतून सुरू करावी लागते, तापमानाचा काटा कितीव्या मिनिटाला वर चढतो, पंखा केव्हा फिरू लागतो, कोणता पाइप आधी तापतो हे हाताने चाचपून पाहावे लागते, आणि एक चाचणी झाली की पुढच्या चाचणीआधी इंजिन पुन्हा तसेच थंड व्हावे लागते. मे महिन्यात सोलापुरात पारा अनेकदा चाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हाच्या झळांत तापलेले इंजिन निवायला तीन-चार तास सहज जातात. दिवसातून दोन चाचण्या झाल्या तरी पुष्कळ म्हणायच्या. त्या मधल्या तासांत आपला माणूस येऊन गेला असेल, तर त्याला गाडी उभीच दिसणार.

सोमवारी संध्याकाळी गाडी टोचन करून आली तेव्हा ती तापलेलीच होती आणि रेडिएटरचे झाकण लगेच उघडून पाहा, असा आपल्या माणसाचा आग्रह होता. मी नकार दिला. झाकणाच्या दाबामुळे आतले कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते उकळून अंगावर उसळते. शिकाऊ असताना मी ही चूक केली होती, त्याचा डाग माझ्या डाव्या मनगटावर अजून आहे. त्यामुळे सोमवारची संध्याकाळ गेली, हे खरे, पण ती वाया गेली असे मी मानत नाही.

मंगळवारी सकाळी रेडिएटर उतरवला. पुढून जाळी बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होती, कारण आपल्याकडे गाडी जेटने धुतली जाते. पण त्या जोराच्या पाण्याने चिखल आत ढकलला गेला होता आणि कित्येक फिन्स, म्हणजे जाळीतल्या पातळ धातूच्या पट्ट्या, आडव्या झाल्या होत्या. मागच्या बाजूने पाहिले तर काळी माती आणि उसाच्या पाचटाचा चुरा मिळून वाळलेला थर होता, भाजलेल्या विटेसारखा कडक. तो रात्रभर भिजवून, मागून पुढे हलक्या धारेने धुवून आणि एकेक फिन सरळ करून रेडिएटर मोकळा करण्यात बुधवारची दुपार झाली. हे काम माझ्या कारागिराने पातळ पट्टी हातात घेऊन बसून केले आहे.

इतके झाल्यावर पहिली चाचणी घेतली, तर पंखा वेळेवर फिरला आणि काटा जागेवर राहिला. तेव्हाच गाडी आपल्या स्वाधीन करून मी पैसे घेऊ शकलो असतो. पण त्याच संध्याकाळी दुसऱ्या चाचणीत काटा पुन्हा चढला, आणि माझे लक्ष इतर भागांकडे असताना पंखा फिरला की नाही हे नेमके पाहायचे राहून गेले. म्हणून गुरुवारी थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर त्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवला. तो योग्य वेळी उघडला. हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचे सील) फुटल्याची शंका होती, म्हणून थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिले, ऑइल दुधाळ झाले आहे का ते पाहिले. दोन्ही ठीक होते. ही शंका खरी ठरली असती तर आपला खर्च कितीतरी पटीने वाढला असता. काही जण अशा वेळी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात आणि गाडी बरी झाली असे सांगतात. मी ते करीत नाही.

दोष सापडला तो कुलंट तापल्यावर पंखा सुरू करणाऱ्या स्विचमध्ये. तो गरम पाण्यात धरून मीटर लावला, तर एकदा जोडणी होत होती आणि पुढच्या वेळी होत नव्हती. पूर्ण निकामी झालेला स्विच पाच मिनिटांत कळतो, पण अधूनमधून काम करणारा स्विच माणसाला दिवसभर फसवतो. शेतात गाडी सावकाश चालते, रेडिएटरला वारा मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर असते. म्हणूनच आपली गाडी डांबरी रस्त्यावर ठीक राहून बांधावर तापत होती. इतक्या जुन्या गाडीचा स्विच सोलापुरात मिळाला नाही. तो गुरुवारी सायंकाळी पुण्याहून मागवला आणि शनिवारी सकाळी पार्सलने आला. ४,६५० रुपयांत स्विच, कुलंट, रबर कडक झालेले रेडिएटरचे झाकण आणि सर्व मजुरी धरलेली आहे. पावतीवर तसे लिहिले आहे.

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा तापली, याबद्दल आपल्या माणसाने फोनवर सांगितले की पातळी कमी दिसली म्हणून त्याने बोअरचे पाणी भरले. नवीन कुलंट भरल्यावर आत उरलेली थोडी हवा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बाहेर पडते आणि पातळी उतरते. तेवढे कुलंट इंजिन थंड असताना भरायचे असते. आपल्या भागातल्या बोअरच्या क्षारांचा गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. गाडी देताना मी हे तोंडी सांगितले होते. लिहून दिले नव्हते, आणि ते द्यायला हवे होते, हे मला मान्य आहे. यापुढे अशा सूचना कागदावर देण्याची आणि ग्राहकांना वेळोवेळी कळवण्याची व्यवस्था आम्ही करीत आहोत.

अशा गाड्या आपल्या जिल्ह्यात मोजक्याच आहेत आणि त्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. आपला अभिप्राय वाचून एकाने कालच ठरलेले काम रद्द केले. माझ्यासह तीन घरे या गॅरेजवर चालतात, म्हणून एवढे सविस्तर लिहिले. आपला अवमान करण्याचा हेतू नाही.

गाडी एकदा सकाळी, सुरू न करता, टेम्पोत घालून पाठवावी. आतले पाणी काढून योग्य कुलंट भरून देईन आणि पुन्हा तपासणी करीन; त्याची मजुरी घेणार नाही. आपण स्वतः येऊ शकलात तर अधिक बरे. जुना स्विच मी टाकलेला नाही, आपल्या गाडीचा नंबर लिहून पाकिटात ठेवला आहे. आपल्यासमोर तो गरम पाण्यात धरून दाखवीन.

आपला नम्र,
गॅरेजमालक
अक्कलकोट रोड, सोलापूर