धुतल्या तबकडीसारखे

जुन्या बाजारातून आणलेल्या ध्वनिमुद्रिकेला सर्वांत मोठा धोका तिच्यावर बसलेल्या धुळीपासून नसतो. ती धूळ पाहून ज्यांचे हात शिवशिवू लागतात, त्या माणसांपासून असतो. धूळ बिचारी वर्षानुवर्षे एका जागी बसून राहते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माणसे मात्र ओले फडके घेऊन येतात. आमच्या घरात स्वच्छतेच्या बाबतीत प्रत्येकाकडे स्वतःचे असे एक खात्रीचे साधन आहे, आणि त्या सर्व साधनांपासून तबकड्या वाचवणे यालाच मी घरच्या घरी केलेली सुरक्षित स्वच्छता असे म्हणतो.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, काटे नसलेली घड्याळे आणि जोडीदार हरवलेले बूट यांच्या शेजारी या तबकड्या पडलेल्या असतात. आपण एखादी उचलून कडेने धरली आणि डोळ्यांजवळ नेली, की विक्रेता मोठ्या आपुलकीने ती आपल्या हातून काढून घेतो, स्वतःच्या शर्टाच्या बाहीने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी पुसतो आणि म्हणतो, "साहेब, घरी जाऊन नुसतं पाणी मारा, नवी दिसेल." त्या एका हातासरशी तबकडीचे जे नुकसान होते, ते भरून काढण्याचे साधन अद्याप निघालेले नाही, पण भाव केल्यावर बोलणार काय? अशीच एक मी आणली. तिच्या पाकिटावर जांभळ्या शाईचा एक शिक्का होता, त्यात मांडव, रोषणाई आणि लाउडस्पीकर भाड्याने मिळतील असे आश्वासन होते, आणि तबकडीच्या खाचांमध्ये, भिंगाखाली धरल्यावर स्पष्ट दिसणारा, गुलाल होता. ही तबकडी गणेशोत्सवाच्या मांडवात वाजलेली होती. गुलालाबरोबर उदबत्तीची काजळी, कसल्यातरी तेलाचे दोन ठसे आणि कडेला बुंदीचा असावा असा एक पिवळा कण, एवढी सामग्री तिच्या एकाच बाजूवर होती.

आता या खाचांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण घरातल्या मंडळींना मी तेच सांगत आलो आहे आणि ती ऐकत नाहीत. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर शेकडो खाचा दिसतात खऱ्या, पण प्रत्यक्षात ती एकच खाच असते, बाहेरून आत वळत गेलेली. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी आणि वीसेक मिनिटे वाजणारी बाजू असेल, तर ती खाच सरळ केल्यास ४०० मीटरहून लांब भरते, म्हणजे धावण्याच्या मैदानाला एक पूर्ण चक्कर. रुंदीला ती केसाएवढी. तिच्या दोन्ही भिंतींवर गाणे कोरलेले असते आणि पिनचे टोक त्या भिंतींना घासत पुढे जाते. पिनचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असला, तरी तो इतक्या बारीक टोकावर एकवटतो की वाटेत आलेला धुळीचा कण बाजूला होत नाही. तो भिंतीत रुतवला जातो. म्हणून मळलेली तबकडी आधी वाजवून पाहू आणि मग धुऊ, हा क्रम चुकीचा आहे. आणि पुसायचे ते नेहमी खाचेच्या दिशेने, गोल. आडवे पुसणारा माणूस ४०० मीटरचा रस्ता प्रत्येक फेऱ्याला एकदा ओलांडत असतो आणि ओलांडताना हातातली वाळू सांडत असतो.

घरातील पहिला हल्ला माझ्या मेहुण्याने केला. करोनाच्या काळात त्याने सॅनिटायझरचे मोठे कॅन घेऊन ठेवले होते, त्यांतला एक अजून संपलेला नव्हता, आणि तो संपवण्याची संधी तो कित्येक दिवस शोधत होता. "भाऊजी, नव्वद टक्के जंतू मरतात," असे म्हणून त्याने कॅन टेबलावर ठेवला. तबकडीवरील जंतूंविषयी माझे काहीच म्हणणे नव्हते. मी त्याला सांगितले की सॅनिटायझरमध्ये हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीन घातलेले असते, ते खाचेत चिकट थर धरून बसते आणि त्यावर नवी धूळ पूर्वीपेक्षा जास्त जोमाने जमते. हे त्याला पटले नाही. त्याने ढिगातली वरची, जाड आणि जड तबकडी उचलून झाकण फिरवले, आणि मी आयुष्यात क्वचितच ओरडतो तसा ओरडलो.

कारण ती मिनिटाला ७८ फेऱ्यांची होती. अमेरिकेत १९४८ साली व्हिनाइल या प्लॅस्टिकची लाँग प्ले तबकडी बाजारात आली खरी, पण आपल्याकडे साठच्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत होत्या, आणि त्या व्हिनाइलच्या नसून लाखेच्या असतात. लाखेत दगडाची भुकटी मिसळून केलेल्या. हातात जड लागतात, आणि खाली पडल्या तर त्यांचे गाणे केरसुणीनेच गोळा करावे लागते. जुन्या कपाटाला पॉलिश करणारा कारागीर घरी आला, की चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालतो आणि ती विरघळून जाते, हे आमच्या मेहुण्याने स्वतःच्या घरी पाहिलेले आहे, त्याचे पैसेही दिलेले आहेत. तेच स्पिरिट किंवा तोच अल्कोहोल लाखेच्या तबकडीवर ओतला, तर मळाबरोबर गाणेही निघते. "म्हणजे पूर्ण साफ होते," असे मेहुणा म्हणाला, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेच होते. व्हिनाइलला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात थोडासा मिसळून चालतो की नाही, यावर शौकिनांमध्ये दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांच्या घरी चहा घेत नाहीत. मी न वापरणाऱ्यांच्या पंथात आहे. त्याचे कारण शास्त्रीय कमी आणि मेहुणा जास्त असे आहे.

त्यानंतरचा प्रश्न पाण्याचा. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते, आणि त्या पाण्याने आंघोळीच्या बादलीवर जो पांढरा थर चढतो तो पाहिल्यावर तेच पाणी केसाएवढ्या खाचेत वाळू देण्याचे धाडस कोणी करणार नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि पिनला ते कडकड वाजवून दाखवतात. तेव्हा हवे ऊर्ध्वपातित पाणी, ज्याला बाजारात बॅटरीचे पाणी म्हणतात. ते बॅटरीच्या दुकानात मिळते. दुकानदाराने विचारले, "इन्व्हर्टर कुठला आहे?" मी म्हणालो, इन्व्हर्टरसाठी नको आहे. "मग गाडी?" गाडीसाठीही नको. त्याने हातातला कॅन परत खाली ठेवला आणि जरा कडक आवाजात विचारले, "प्यायला नेताय का?" मी तबकडी धुण्याचे कारण सांगितले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसले की मी पाणी पिणार असतो तर त्याला ते अधिक समजण्यासारखे वाटले असते.

साबणाच्या बाबतीत घरात उघड फूट पडली. भांडी घासण्याचा द्रव साबण, तोही सुगंध आणि हातांना मऊ ठेवणारे पदार्थ नसलेला, लिटरभर पाण्यात एक-दोन थेंब, असे माझे म्हणणे होते. सौभाग्यवतींचे मत असे, की एक-दोन थेंबांत चहाचा कपसुद्धा निघत नाही. आई म्हणाली, "रिठे उकळून घे, तुझ्या आजीचा शालू मी त्यातच धुतला होता." प्रामाणिकपणे सांगायचे तर सर्व सूचनांमध्ये आईचीच सूचना शास्त्राच्या सर्वांत जवळ होती, कारण रिठ्यात फेस करणारा तोच गुण असतो, परंतु रिठ्याचा गाळ कितीही गाळला तरी थोडा उरतो, आणि शालूला खाचा नसतात. शेजारचे काका मात्र खोबरेल तेलावर ठाम होते. तेलाचा हात फिरवला की तबकडी आरशासारखी दिसते, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि काही विक्रेते ते करतातही. तबकडी फक्त पाहायची असेल तर यासारखा दुसरा उपाय नाही.

धुण्यापूर्वी मधले लेबल झाकावे लागते, कारण ते कागदाचे असते; भिजले की शाई पसरते आणि कागद सुटू लागतो. लेबल गेले म्हणजे तबकडी कोणाची, हे ओळखणे कानावर येते. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगून ठेवले, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील माणसांना गाणारे कोण हे कळावे. नंतरच्या कलावंतांनी ही सोय ठेवली नाही. त्यांनी लेबलवर विश्वास टाकला. तो विश्वास राखण्यासाठी मी लेबलापेक्षा किंचित मोठी अशी डब्याची दोन सारखी झाकणे निवडली, त्यांना मधोमध भोक पाडले, कडेला रबर बसवले आणि आरपार बोल्ट घालून तबकडी दोहोंमध्ये आवळली. झाकणे साबुदाण्याच्या आणि शेंगदाण्याच्या कुटाच्या डब्यांची होती, ही गोष्ट एकादशीच्या दिवशी उघडकीस आली. त्या दिवशीच्या संभाषणाचा स्वच्छतेशी थेट संबंध नसल्यामुळे ते येथे देत नाही.

प्रत्यक्ष धुणे हा या सर्वांतला सर्वांत सोपा भाग आहे. कोरडी धूळ आधी मऊ ब्रशने, गोल फिरवत, उचलून घ्यायची. कोरडे असताना रगडायचे नाही, कारण व्हिनाइल घासले की त्यात स्थिर वीज भरते आणि खोलीतली उरलेली धूळही ते स्वतःकडे बोलावून घेते. पुण्याच्या कोरड्या थंडीत तर पाकिटातून नुसती बाहेर काढली तरी चटचट आवाज येतो. मग पाणी, मग ओल्या मऊ ब्रशने खाचेच्या वळणाने हलके फेरे, मग साबण पूर्ण जाईपर्यंत पुन्हा बॅटरीचे पाणी. जुनी सुती साडी किंवा बनियन वापरायचा मोह अनेकांना होतो, पण त्यांचे धागे मागे राहतात. गाडी पुसण्याचे मायक्रोफायबरचे कापड, तेही गाडी न पुसलेले, बरे. गुलालाच्या तबकडीवर पहिले पाणी सोडले, तेव्हा ते आधी निर्मळ वाहिले, मग ब्रश अर्धा फेरा गेला आणि खाचांच्या कडेने बारीक गुलाबी रेघ निघाली, ती रुंद होत गेली आणि बेसिनमध्ये विसर्जनाच्या मिरवणुकीनंतरचे पाणी साठले. आईने मागून ते पाहिले आणि नकळत हात जोडले.

खरे संकट धुतल्यानंतर आले. ओली वस्तू वाळवायची कोठे, या प्रश्नाला मराठी घरात एकच उत्तर असते, आणि ते मे महिन्यात गच्चीवर पसरलेले असते. "बुरशी आली होती ना तिला? मग ऊन दाखव," असे आई म्हणाली. तिचे तर्कशास्त्र निर्दोष होते. डाळी, गहू, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सर्वांना तिने आजवर ऊनच दाखवले आणि त्यांतील एकाही गोष्टीने तक्रार केली नाही. व्हिनाइल हे प्लॅस्टिक आहे, काळे आहे, काळे असल्यामुळे ऊन पिते, मऊ पडते आणि मग तबकडीच्या कडा लाटांसारख्या वरखाली होतात, हे मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात तिने एक तबकडी कुरडयांच्या बाजूला, त्याच धोतराच्या तुकड्यावर, प्रेमाने ठेवलीसुद्धा होती. मी ती उचलली तेव्हा तिच्यावर बसायला आलेला कावळाही कुरडयांच्या दिशेने वळला आणि त्याचे खापर माझ्यावर फुटले.

सावलीत, उभी, हवा दोन्ही बाजूंनी लागेल अशी तबकडी वाळवायची असेल, तर जगातील सर्वोत्तम उपकरण आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेले आहे: ताटाळे. बारा इंचांची तबकडी ताटाच्या खणात अशी चपखल बसते, की ताटाळे करणाऱ्याच्या मनात मूळ हेतू काय होता याविषयी शंका यावी. अर्थात, ताटे काढून ठेवावी लागतात. त्या रात्री जेवणे डब्यांच्या झाकणांतच व्हायची, पण दोन झाकणांना भोके होती. शिवाय ताटाळ्याखालीच शेगडी आहे, त्यामुळे तबकड्या वाळेपर्यंत फोडणी बंद ठेवावी अशी विनंती मला करावी लागली. ही विनंती मी ज्या भाषेत केली ती अत्यंत सौम्य होती, आणि मिळालेले उत्तर त्याहून सौम्य होते, म्हणून मी तबकड्या घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो आणि त्यांना पुस्तकांच्या कपाटाला टेकवून रात्रभर पंख्यापासून लांब उभे केले. पंखा धूळ उडवतो. मी अर्थात उकाड्यात झोपलो.

पाकिटांविषयी थोडक्यात: धुतलेली तबकडी जुन्या, बुरशीच्या आतल्या पाकिटात परत घालणे म्हणजे सगळे पाणी फुकट. नवी घालावीत. ओरखडे मात्र कोणत्याही पाण्याने जात नाहीत, हेही सांगून टाकतो. आवाजात ठिकठिक ठरावीक अंतराने, दर १.८ सेकंदाला येत असेल, तर तो ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवरचा आडवा ओरखडा असतो, आणि बहुधा कोणाच्या तरी शर्टाच्या बाहीचा असतो.

सासरेबुवा आले, तेव्हा मी तीच गुलालाची तबकडी लावली. ते गाणे त्यांच्या तरुणपणी त्यांच्या गल्लीतल्या मांडवात दहा दिवस वाजत असे. पिन खाली उतरली, कडकड नाही, घरघर नाही. गाण्याआधीची शांतता शांततेसारखी ऐकू आली आणि मागून तबल्याचा पहिला ठोका असा आला की मीच दचकलो. सासरेबुवांनी डोळे मिटून पहिले कडवे ऐकले, दुसरे ऐकले, मग डोळे उघडून अत्यंत आदराने विचारले, "जावईबापू, हे मोबाइलवरून लावलंत का?" मी तबकडी फिरताना दाखवली. त्यांनी वाकून पाहिली आणि म्हणाले, "असेल. पण आमच्या गाण्यात ती खरखर होती हो. खरखरीशिवाय ते ओळखीचं वाटत नाही." मी काही बोलण्याआधीच आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "बाबा, जरा गणपतीपर्यंत थांबा. पाऊस सुरू झाला की पुन्हा येईल बुरशी."