आमसुलं कुणाची?

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक कार्यशाळा झाली. बाहेरून आलेल्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक देखणी वही दिली आणि सांगितलं, आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं अशा तीन गोष्टी रोज झोपायच्या आधी लिहा. मी मनापासून सुरुवात केली. पहिले चार दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मागची पानं चाळली, तर 'सकाळचा चहा, कोवळं ऊन, माझं कुटुंब' हेच आलटूनपालटून लिहिलेलं. दहाव्या दिवसापासून त्या वहीत दुधाचा हिशोब आहे. आणि खरं सांगू का, वही आता जास्त कामाची झाली आहे. ज्या दिवशी सोसायटीच्या गेटपाशी गुडघाभर पाणी होतं, त्या तारखेपुढेही 'दीड लिटर' असं लिहिलेलं आहे. म्हणजे त्या दिवशीही तो आला होता. वहीत नसतं तर मी विसरून गेले असते.

शाळेत संस्कृतच्या बाईंनी एका शब्दाची फोड करून दाखवली होती, ती डोक्यात बसली आहे. कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा, केलेलं ज्याला ठाऊक आहे तो. कृतघ्न म्हणजे केलेल्याचा घात करणारा. दोन्हींत 'छान वाटणं' कुठे येतच नाही. माहीत असणं येतं. कुणी केलं, काय केलं, केव्हा केलं.

माझं सासर जालन्याकडचं. तिथे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. हळद आणि तूप लावून बैलाचा खांदा मळायचा आणि त्याला सांगायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याची नुसती गंमत वाटली होती. शिंगांना रंग, पाठीवर झूल, मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशी. आधी हात जातो तो जू जिथे घासतं तिथे. इतकं नेमकं आपण माणसांच्या बाबतीत करत नाही.

माणसांसाठी आपल्याकडे आभारप्रदर्शन आहे. कार्यक्रमाच्या शेवटी कुणीतरी चिठ्ठी काढतं आणि मागच्या चार रांगा चहाकडे चालू लागतात. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, आणि 'ज्ञात-अज्ञात सर्व हात'. त्या अज्ञात हातांची मला फार मौज वाटते. अहो, सकाळपासून हॉलच्या मागच्या दाराशी बसून कांदे चिरतायत ते. जाऊन बघितलं तर ज्ञात होतील.

आणि घरात तर आपण आभार मानतच नाही. 'थँक्यू बिंक्यू म्हणून परकं करू नकोस' हे वाक्य आमच्याकडे तीन पिढ्यांपासून आहे. मलाही ते आवडायचं, अजूनही थोडं आवडतं. पण या मे महिन्यापासून ते ऐकलं की मी बघते, म्हणतंय कोण. बहुतेक वेळा जेवून उठणारा म्हणतो. वाढणारीच्या तोंडून मी ते क्वचित ऐकलंय.

तर मे महिना. मी आत्याकडे गेले होते. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, वय ७८. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या साखरप्याच्या पुढे, फाट्यावरून आत तीनेक किलोमीटर. स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायका जास्त आणि बोलणंही जास्त. कराडपर्यंत शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या दोन्ही सुनांची माहिती दिली. मलकापूर (शाहूवाडीचं, कराडजवळचं नव्हे) सोडलं की हवा बदलते आणि आंबा घाट लागला की गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. ड्रायव्हर वळणावळणावर अख्ख्या अंगाने स्टिअरिंग वळवत होते. चाळीस-पन्नास माणसं त्यांच्या त्या दोन हातांवर सोडून आम्ही खिडकीतून दरी बघत होतो आणि फोटो काढत होतो. साखरप्याला उतरताना मी त्यांना म्हटलं, 'घाट छान उतरवलात हो.' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही विसरले असेन आणि आता गाडी थांबवायला सांगणार असेन.

आता आमसुलांकडे येते, कारण पोस्ट त्यांच्यासाठीच लिहायला घेतली आहे.

माझं लग्न झालं त्या वर्षापासून दर जूनमध्ये आत्याकडून आमसुलांचा डबा येतो. कधी कुणाच्या गाडीतून, कधी कुरियरने. आमच्या घरची आमटी, सार, सोलकढी सगळी त्यावर चालते. डबा आला की मी त्याच दिवशी फोन करते. 'आत्या, काय सुंदर झालीत गं आमसुलं, तुझ्या हाताला सर नाही.' पलीकडून आत्या हसते. 'पोचली ना, झालं तर मग.' इतकंच. ही आमची पद्धत, आणि मला वाटायचं की मी माझ्या बाजूने चोख आहे.

यंदा पहिल्यांदाच मी ऐन रातांब्याच्या, म्हणजे ज्याच्या सालीची आमसुलं होतात त्या कोकमाच्या फळाच्या, दिवसांत तिथे होते. (शाळेच्या सुट्ट्यांत जायचो तेव्हाही हे चालूच असणार. पण तेव्हा आमचं लक्ष आंब्याच्या आढीकडे.) सकाळी सहाला जाग आली ती कसल्यातरी टप् टप् आवाजाने. मागच्या पडवीत वहिनी, म्हणजे आत्याची सून, विळीवर बसली होती. एका बाजूला धुऊन पुसलेल्या लालभडक रातांब्यांची घमेली, दुसऱ्या बाजूला फोडलेली सालं आणि मध्ये बियांचा गर पडत असलेलं पातेलं. मी शेजारी बसले, तर म्हणाली, 'नको ताई, हात खराब होतील.' मी ऐकलं नाही. अर्ध्या तासात बोटाला कधी लागलेली एक बारीकशी चीर, जी मला ठाऊकही नव्हती, ती अशी चुरचुरायला लागली की डोळ्यांत पाणी आलं. रातांब्याचं आंबट काय असतं ते जिभेला माहीत होतं, कातडीला नव्हतं.

आणि फोडणं ही तर नुसती सुरुवात. गराला मीठ लावून रस सोडवायचा. सालं त्या रसात बुडवायची, काढायची, उन्हात पसरायची. संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. सकाळी पुन्हा उन्हात. एकेक पुट चढत जातं आणि लाल साल हळूहळू काळी पडते. मला आजवर वाटायचं, कोकमं नुसती वाळवतात आणि झालं. उरलेल्या बियांचंही काम संपत नाही, त्यांचं मुठेल काढतात, थंडीत भेगांना लावायचं ते. आणि या सगळ्यात डोळा आभाळाकडे. वळवाची एक सर अंगणात आली की चार दिवसांची मेहनत बुरशीला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' म्हणून जात काढली आहे, ती पावसाआधी हाताशी येते. आत्याच्या परसातली झाडं जुनी, आपल्या मर्जीने पिकणारी. त्यातलं एक तर नर. उंच, हिरवंगार, एक फळ नाही. वहिनी म्हणाली, 'त्याचं बरं असतं.' एवढंच म्हणाली आणि पुढचा रातांबा घेतला.

मी शहाणपणा दाखवायला सांगितलं की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ती म्हणाली, 'हो का? मग येतायत का कोण फोडायला?'

तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, आत्या कधी बसते विळीवर? वहिनी जरा गप्प झाली. मग म्हणाली, 'आईंचे हात थरथरतात ना आता. सात वर्षं झाली त्यांनी विळी सोडून.'

सात वर्षं. सात डबे. सात वेळा मी फोनवर 'तुझ्या हाताला सर नाही' म्हणाले होते. आत्याला ऐकू कमी येतं म्हणून तिथे फोन स्पीकरवर असतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे वहिनीने ते सातही वेळा ऐकलं होतं. कदाचित काळ्या पडलेल्या बोटांनी तोच फोन आत्यापुढे धरून.

मी आत्याला दोष देत नाही. तिने हे लपवलं असंही मला वाटत नाही. तिच्या लेखी घरातून डबा गेला म्हणजे तिने पाठवला, तिच्या सासूच्या वेळीही असंच असणार. चूक असेल तर माझी आहे. मी कधी विचारलंच नाही. ७८ वर्षांची बाई दर मे महिन्यात शेकड्यांनी रातांबे फोडते, असं मी खुशाल धरून चालले होते, कारण तसं धरणं गोड होतं. आत्याच्या हातची आमसुलं. पाहुण्यांना सांगायलाही बरं वाटतं.

त्या दिवशी मी वहिनीला काय म्हणावं ते मला सुचलं नाही. 'सॉरी' म्हटलं तर तीच ओशाळली असती. 'थँक्यू' म्हणायला तोंड उघडलं, तर तीन पिढ्या आडव्या आल्या. मग मी दुसरी विळी मागून घेतली आणि दोन दिवस तिच्याबरोबर बसले. मी पाच फोडेपर्यंत तिचे वीस होत होते, त्यामुळे मदत किती झाली ते विचारू नका. पण गप्पा झाल्या. तिचं माहेर देवरुखजवळ, तिथे फणसाचं काम जास्त, रातांबा तिने इथे येऊन शिकला. सुरुवातीला दोन वर्षं तिची आमसुलं खारट व्हायची. लग्नाला चौदा वर्षं झाली तिच्या, आणि तिच्या माहेरचं गाव मला या मे महिन्यात कळलं.

निघायच्या आदल्या रात्री मुक्कामाची एसटी आली. गावात वस्तीला असते ती, सकाळी सहाला सुटते. वहिनीने डब्यात भाकरी आणि काजूची उसळ भरून लेकीच्या हाती ड्रायव्हर-कंडक्टरना पाठवली. नेहमीचंच आहे म्हणे, घरात काही जास्तीचं केलं की जातं. सकाळी आम्ही अजून बांधावरच होतो, तर लांबून हॉर्न वाजला. एकदा, मग थांबून पुन्हा. 'आत्याबाईंकडचं माणूस आहे' म्हणून गाडी उभी होती. आत्या बांधापर्यंत आली होती. तिला आता कुठेही फुकट जाता येतं, ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. पण गुडघे सोडत नाहीत. तिने माझ्या हातावर साखर ठेवली. मी 'येते' म्हटलं. वहिनी पिशवी उचलून पुढे गेली होती, गाडीत चढवून द्यायला.

यंदाचा डबा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. झाकण उघडलं, वास घेतला, फोन हातात घेतला आणि थांबले. वहिनीचा नंबरच माझ्याकडे नव्हता. मग आतेभावाला मेसेज करून मागवला. त्याने आधी विचारलं, 'का गं, काय झालं?'

लावला. तिने उचलला. मागे पावसाचा आवाज येत होता.

'पोचला का डबा? थांबा हं ताई, आईंना देते फोन.'

'नको वहिनी,' मी म्हटलं, 'तुमच्याशीच बोलायचंय.'