खुलासा: स्पीड ४०० 'एअर कूल्ड' नाही, कूलंट तपासा

'ट्रायम्फ स्पीड ४०० जुन्या धाटणीची गाडी आहे, इंजिनाला फिन्स (बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्या) आहेत, म्हणजे ती हवेवर थंड होते. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) भानगडच नाही' असा एक मेसेज पुण्यातल्या रायडर ग्रुपांवर फिरतोय. हे चूक आहे, आणि ऐकलंत तर इंजिनाचं नुकसान होऊ शकतं.

२०२३ मध्ये आलेली ही मोटरसायकल आपल्याच चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. गोल दिवा, घोटीव टाकी हे रूप जुनं. आतलं काम मात्र आजचं. ३९८ सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, डोक्यात दोन कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे), मिनिटाला ८००० फेऱ्यांवर ४० पीएस ताकद. एवढी ताकद म्हणजे तेवढीच उष्णता, म्हणून ते लिक्विड कूल्ड, म्हणजे द्रवाने थंड होणारं आहे. फिन्स दिसतात खरे, पण मुख्य काम रेडिएटरचं, म्हणजे कूलंट थंड करणाऱ्या जाळीचं. पुढच्या चाकामागे वाकून बघा, समोरच दिसेल.

दिवे घाटात, किंवा संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत असते तेव्हा अंगावर वारा नसतो. तेव्हा रेडिएटरचा पंखा आणि कूलंट यांच्यावरच सगळं असतं.

'कमी पडलं तर बोअरचं पाणी घाला' हेही मेसेजमध्येच आहे. कृपा करून घालू नका. जड पाण्यातले क्षार आत साचतात, अॅल्युमिनियमला गंज लागतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट वापरा, पातळी इंजिन थंड असताना पाहा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलंत तर उकळतं कूलंट हातातोंडावर उडतं.