फोन बंद ठेवण्याच्या सल्ल्याविषयी
मोबाइलवरचे अवलंबित्व हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न असून आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवल्यास ते सुटते, हे लेखातील विधान मला पटले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आम्हा दापोलीकरांचे फोन न सांगताच बंद पडले. वीज गेली, मनोरे निकामी झाले आणि घरची माणसे सुखरूप आहेत की नाहीत, एवढेही मुंबईच्या चाकरमान्यांना कळेना. माडपोफळी आडव्या झालेल्या असताना माणसे रेंज शोधत सड्यावर चढत होती, ती काही करमणुकीसाठी नव्हे.

आता तर गॅसचा सिलिंडर घेतानाही ओटीपी सांगावा लागतो, आणि बँकेचा ओटीपी आमच्या माजघरात पोहोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते, म्हणून माझे वृद्ध वडील भर पावसात खळ्यात उभे राहून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फोन उंच धरून त्याची वाट पाहतात. त्यांना संयम शिकवण्यापेक्षा, फोनविना काम होईल अशी एक तरी खिडकी प्रत्येक बँकेत चालू ठेवावी, अशी मागणी लेखकाने करायला हवी होती. लहान मुलांच्या हातातील फोनबद्दल त्यांनी लिहिले आहे ते मात्र योग्यच आहे.