ऑनलाइन डिग्री कचरा, आणि मागच्या तारखेची 'रेग्युलर' डिग्री सोनं?

'ऑनलाइन डिग्री घेणाऱ्यांनो सावधान!!' असा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. आमच्याकडे तो अण्णांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या मोबाइलवरून आला आणि थेट वहिनीला आला. वहिनी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. टॅली, जीएसटी, कामगारांचा पगार, सगळं तिच्याच हातून जातं, पण शिक्षण बारावी. पगारवाढीचा विषय निघाला की 'तुम्ही ग्रॅज्युएट नाही' हे ठरलेलं उत्तर. यंदा हिय्या करून ऑनलाइन बी.कॉम.चा फॉर्म भरायला बसली, तर हे. 'राहू दे भावजी, नसत्या भानगडीत कशाला पडा,' म्हणाली. तेव्हा डोकं फिरलं.

मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत. पहिला असा की ऑनलाइन डिग्री सरकारी नोकरीला आणि एमपीएससीला चालत नाही. साफ खोटं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे विनियम 4 सप्टेंबर 2020 च्या राजपत्रात आहेत. त्यातला 22 वा विनियम उघडून वाचा. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी ही नेहमीच्या पद्धतीच्या पदवीशी समकक्ष धरायची, असं तिथे सरळ लिहिलंय. लोकांना तरीही कळेना, म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. आणि 1989 पासून चालू असलेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन एमपीएससीला बसलेली पोरं आपल्या जिल्ह्यात कोणी बघितलीच नाहीत का?

दुसरा मुद्दा, 'सुप्रीम कोर्टाने अशा डिग्र्या रद्द केल्या.' हा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त चावतो. कोर्टाचा निकाल आहे, 3 नोव्हेंबर 2017 चा. पण तो काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, परवानगी न घेता पत्राद्वारे वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांबद्दल आहे. इंजिनिअरिंग घरबसल्या होत नाही, हे कोर्टाने सांगितलं आणि बरोबरच सांगितलं. त्याचा वहिनीच्या बी.कॉम.शी संबंध काय? आजही इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली हे ऑनलाइन करता येत नाही, पीएच.डी.ही नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशापासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारखे विषयही बंद केले. यातलं काही कोणी ऑनलाइन विकत असेल तर पळा. एवढ्यापुरतं 'सावधान' मला मान्य.

'डिग्रीवर ऑनलाइन असा शिक्का असतो, कंपनीवाले दारातूनच हाकलतात.' शिक्षणाची पद्धत प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला छापायची असते, प्रवेशाची आणि पूर्ण झाल्याची तारीखही. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पुण्यातली एखादी मोठी कंपनी नाक मुरडेल, कॅम्पस इंटरव्ह्यू तर मिळणारच नाहीत. ते गृहीत धरूनच फॉर्म भरावा. पण वहिनीला कुठे कॅम्पसमधून हिंजवडीला जायचंय? तिला आहे त्याच खुर्चीवर बढती पाहिजे.

'सगळी कॉपी चालते.' चालते काही ठिकाणी. असाइनमेंटच्या तयार पीडीएफ विकणारे मीही पाहिलेत. पण कॉपी फक्त ऑनलाइनवालेच करतात हे सोलापुरात बसून कोणी सांगू नये. बारावीच्या परीक्षेला खिडकीखाली कोण उभं असतं, आपल्याला माहितीये.

'एका वेळी दोन डिग्र्या घेतल्या तर दोन्ही बाद.' एप्रिल 2022 पासून यूजीसीनेच परवानगी दिलीय. पुढे चला.

आता सहावा मुद्दा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. पाच मुद्द्यांत घाबरवून झालं की खाली येतं: 'त्यापेक्षा 6 महिन्यांत रेग्युलर डिग्री, मागील वर्षांच्या तारखेसह, 100 टक्के व्हेरिफिकेशन गॅरंटी', आणि मोबाइल नंबर. अण्णांनी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. निम्म्या लोकांनी वाचलं नसणार.

मागील तारखेची रेग्युलर डिग्री म्हणजे काय हे जरा डोकं शांत ठेवून बघा. 2021 मध्ये तुम्ही अक्कलकोट रोडला नोकरीला होता, पीएफच्या पासबुकात महिन्यागणिक नोंद आहे, आणि त्याच वर्षी तुम्ही परराज्यातल्या कॉलेजात रोज वर्गात बसलात असं कागद म्हणणार. हजेरी कुठाय? परीक्षेचा बैठक क्रमांक कुठाय? पानिपतच्या चादरीवर 'सोलापुरी' असं लेबल शिवलं तरी आपल्याकडचा माणूस नुसत्या हाताने ओळखतो, मग विद्यापीठाच्या दप्तराला आपली स्वतःची नोंद ओळखता येणार नाही? सरकारी भरतीत कागद पडताळणीला विद्यापीठाकडेच जातात. तिथून 'अशी नोंद नाही' आलं की तुमची नोकरी जाते. 'गॅरंटी'वाल्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

आणि गुन्हा नुसता विकणाऱ्यावर दाखल होत नाही. बनावट कागद बनावट आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरला, तर तो वापरणाऱ्यानेच बनवला असं धरून शिक्षा होते. भारतीय न्याय संहितेचं कलम 340 आहे ते. म्हणजे पैसे भरून वर आरोपी पण तुम्हीच.

ऑनलाइन प्रवेशातही एजंट आहेत, नाही असं नाही. दिवसाला दहा फोन करतात, 'आजच भरा, सीट संपतेय' म्हणून घाई करतात. विद्यापीठाने आपलं काम असं फ्रँचायझीला द्यायला यूजीसीची मनाई आहे, हे त्यांना तोंडावर सांगा. पैसे फक्त विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचे. त्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर जाऊन तीन गोष्टी जुळतात का बघायच्या: विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम, आणि आपण प्रवेश घेतोय ते सत्र. विद्यापीठ यादीत असतं पण आपला कोर्स नसतो, असंही होतं. नंतर एबीसी आयडी, म्हणजे आपल्या शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा नंबर, काढून त्यावरून डीईबी आयडी काढायचा. तो स्वतःच्या मोबाइलवरून काढायचा, एजंटला ओटीपी द्यायचा नाही. जो म्हणेल 'आयडीची गरज नाही, आम्ही बघतो', त्याचा फोन तिथेच ठेवायचा.

अण्णा, तुम्ही काळजीपोटी पाठवलं हे कळतंय. पण ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलाय तिथे हेही टाका, आणि तो नंबर सायबर पोलिसांना कळवायला 1930 वर फोन करा. वहिनीचा एबीसी आयडी काल निघालाय.