जुनी गाडी नादखुळा कशी करावी

सेकंडहँड मोटरसायकल घेतलीत? अभिनंदन. आता एक पथ्य पाळा. ती जशी आहे तशी चालवायची नाही. कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं खपवून बनवलेल्या गाडीत नेमकं काय चुकलंय, हे कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या टपरीवर अर्धा चहा संपायच्या आत तुम्हाला कळलेलं असतं.

गाडी नावावर करायच्या भानगडीत पडू नका. विकणाऱ्यानं फॉर्म २९ भरावा, घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवावं, फॉर्म ३० भरावा, असं कायदा म्हणतो. म्हणू दे. तुमच्या चलनांचे मेसेज गडहिंग्लजच्या कुणा रिटायर्ड मास्तरांच्या मोबाईलवर जाऊ देत. त्यांचाही वेळ जात नसतो.

आरसे काढा. मागचे आपापलं बघून घेतील.

मागचं मडगार्ड कापा. पावसाळ्यात तुमच्या मागं येणाऱ्याला फुकट चिखलस्नान.

नंबर ४१४१ मिळाला नाही म्हणून खचायचं कारण नाही. आहे तो नंबर मुंगीएवढा करा आणि त्याच्या डोक्यावर ‘दादा’ असं ठसठशीत लिहा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी पाटी लागते खरी, पण मुदतवाढीची वाट बघण्यात आपला हात कोण धरणार?

सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढायची, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. आरएक्स हंड्रेड १९९६ साली बंद झाली, पुंगळी काढणारे काही बंद झाले नाहीत. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, पण ती कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत. त्यानंतर दवाखाना, अभ्यासिका, बाळंतिणीची खोली, जिथं माणूस डोळा मिटायला बघत असेल तिथं स्विच बंद-चालू करून एक फटाका काढायचाच. पोलीस मधूनमधून सायलेन्सर रस्त्यात मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात. पेपरात फोटो येतो. दुसऱ्या दिवशी तोच माल दुकानात दोरीला लटकलेला असतो.

आता लाईट. गाडीला मुळात साधा हॅलोजन बल्ब असतो. त्याची तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या जागी बसवलेली असते, म्हणजे डीपरवर उजेड रस्त्यावर पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये. किती हा बावळटपणा! बल्ब काढून टाका आणि त्याच जागी पांढराफेक एलईडी कोंबा. उजेडाची जागा इंचाच्या काही भागानं जरी हलली, तरी रिफ्लेक्टर तो चारी दिशांना उधळतो. मग लेगगार्डला दोन चौकोनी दिवे, तोंडं थेट आभाळाकडे. वायर सरळ बॅटरीला जोडायची. रिले, फ्यूज हे भित्र्या लोकांचे चोचले. शिवाय एक लुकलुकणारा स्विच पाहिजेच, लांबून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आमदार आले.

गेल्या गुरुवारी रात्री फुलेवाडीकडून येत होतो. मागं आई. समोरून असाच एक सूर्य उगवला. मी दोनदा डीपर दिला, त्यानं उत्तरादाखल अप्पर मारला. त्यानंतर मला रस्ता दिसलाच नाही. रस्त्याकडेला खणून ठेवलेला चर मात्र न दिसता बरोबर सापडला. मला खरचटण्यावर भागलं. आई बहात्तर वर्षांची, तिचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पोरगं थांबलं, हे खोटं बोलणार नाही. गाडी उचलायला हातही लावला. आणि वर म्हणतंय, “काका, रात्रीचं जरा बघून चालवत जावा की.”

बघून! काय बघू? बघायला ठेवलंस काय तू? अर्धा किलोमीटर लांबून माझ्या डोळ्यांत झोत मारतोस आणि मला बघून चालवायला सांगतोस? लई मोठा उजेड पाडलास! त्या एलईडीनं तुला तरी खड्डे दिसतात का? पाऊस पडला, धुकं आलं की तो पांढरा उजेड तुझ्याच तोंडावर परत येतो, तेव्हा गगनबावड्याच्या घाटात समोरच्या ट्रकच्या मागच्या दिव्याला धरून तूच हळूहळू उतरत असतोस. बघितलंय मी.

कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाला येईल तशी फिरवाफिरव चालत नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगून झालंय. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं एकेका बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, अशी सोय केली आहे. तुझ्या गाडीवरचे बदल मोजायला बसलं तर गाडीच्या किमतीपेक्षा दंड जास्त भरेल. पण मोजायला बसतंय कोण?

तू निघालास तेव्हा मी मागची पाटी वाचायला बघितली. नंबर काही लागला नाही. ‘आईचा आशीर्वाद’ तेवढं वाचता आलं.

कुणाच्या आईचा रे? माझी आई सध्या एका हातानं भाकरी थापायला बघतेय, नको म्हटलं तरी ऐकत नाही. तुझीही कधीतरी कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून रात्रीची घरी येतच असेल. तो बल्ब काढ. उद्या नाही, आज काढ. जुना फेकला असशील तर नवा घे, दोन सायलेन्सर बदलणाऱ्याला तेवढे पैसे जड नाहीत. आणि मेकॅनिककडून हेडलाईटच्या डोमाचं तोंड खाली करून घे.