गुडघा म्हणजे टायर नव्हे

सध्या नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: गुडघा गाडीच्या टायरसारखा, जेवढा वापराल तेवढा झिजणार. हाडं म्हणजे नुसते चुन्याचे खांब, तुम्ही चाललात काय नि बसलात काय, त्यांना काही कळत नाही. तेव्हा पन्नाशीनंतर पांडवलेणीच्या पायऱ्या, त्र्यंबकची फेरी सगळं बंद करा आणि कॅल्शियमची गोळी घ्या. हे वाचून चांगली धडधाकट माणसं सकाळचं चालणं सोडतील, ही मला खरी काळजी वाटते.

आधी टायरचं बघू. गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, जिवंत असते. तिच्यात पेशी असतात. मात्र रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव खेळता राहतो पावलागणिक पडणाऱ्या दाबामुळे. स्पंजासारखं: दाबलं की बाहेर, सोडलं की आत. पायावर बराच काळ भारच पडला नाही तर ही गादी पातळ होते. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज 3.5 टक्के लोकांत दिसली, बैठ्या लोकांत 10.2 टक्के. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं सोडतात, हे लक्षात घेतलं तरी ‘वापरलं की झिजलंच’ हे गणित इथे बसत नाही. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र आकडा 13.3 टक्के होता. अतिरेक बाधतो, हे खरंच आहे.

‘हाडांना काही कळत नाही’ हे तर साफ चूक. 2010 साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत एकेका पेशीला काचेच्या अतिसूक्ष्म नळीने टोचून पाहिलं. टोचलं की पेशीतून विजेचा बारीक संकेत उमटायचा. मग संशयित जनुकं एकेक करून बंद करत गेले, आणि एक जनुक असं सापडलं की ते बंद केल्यावर पेशीला टोचणंच कळेना. ते पिएझो-1. पेशीचं आवरण ताणलं गेलं की या जनुकापासून बनणारं प्रथिन दारासारखं उघडतं आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात. या शोधाला 2021 चं नोबेल मिळालं. 2019 मध्ये हाडं घडवणाऱ्या पेशींतून हेच प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांची हाडं कमकुवत निघाली.

आपण पायरी चढतो तेव्हा हाड अगदी किंचित वाकतं. आतल्या केसाहून बारीक नळ्यांतला द्रव हलतो, आणि तिथे बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना तो कळतो. त्या मग स्क्लेरोस्टिन कमी बनवतात. स्क्लेरोस्टिन हा हाड घडण्याला लागलेला ब्रेक. तो सुटला की नवं हाड घडतं. दिवसभर एका जागी उभं राहून हे साधत नाही. पेशींना बदलता भार लागतो. सातपूरच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहून पाय दुखतात, पण ते उभं राहणं चालण्याला पर्याय नाही.

कॅल्शियमची गोळी? अंतराळवीरांना आहारातून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही मिळतं. तरी पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते, कारण पायांवर भारच नसतो. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर जरूर घ्या, पण चालणं सोडून नव्हे.

मेसेजमध्ये सत्याचा अंश एवढाच की चुकीचा भार घातक ठरतो. प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशींवर प्रमाणाबाहेर दाब दिला की पिएझो प्रथिनांच्या याच दारांतून इतकं कॅल्शियम आत येतं की पेशी मरतात. म्हणून वर्षभर बसून राहायचं आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी एकदम ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालायची, असं करू नका. दोन-तीन महिने आधीपासून रोज थोडं थोडं वाढवत चाला, मधे विश्रांती घ्या. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा उतरताना लचकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.